हळद लागायच्या आत

चैत्र अर्धा झाला की मानपाड्याच्या बायका मिठाला निघायच्या. लोणच्याचं, पापडाचं, सुकवायच्या मासळीचं असं वर्षाचं सगळं मीठ एकदम आणायचं आणि मडक्यात भरून चुलीमागे ठेवायचं. गाडीत भाताची पोती टाकायची, दिवा गावच्या खाडीवरचं मिठाचं आगर गाठायचं, भात घालायचं आणि मीठ उचलायचं. रेशनच्या तांदळाला वास यायचा ते दिवस होते. घरच्या भाताला आगरात मान होता.

त्या वर्षी मालू पहिल्यांदाच गेली. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून आगरात आली होती म्हणे, पण तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिचा बाप गोमाजी तरुणपणी वीस वर्षं मिठात राबलेला. बायको वारली तसं त्यानं आगर सोडलं आणि मानपाड्याच्या तुकड्यावर भात पिकवू लागला. पोरीला मिठात उतरू द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट त्यानं धरला होता.

बायका राशीपाशी भाव करत बसल्या, आणि मालू वहाणा हातात घेऊन बांधावरून चालत सुटली. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन. ऊन असं की डोळ्यांपुढे पांढऱ्याशिवाय काही उभं राहीना. एका वळणावर तिचा पाय घसरला आणि ती घोट्याएवढ्या पाण्यात उतरली.

"थांब. हलू नको."

ती होती तिथंच थांबली. पलीकडच्या बांधावर लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन एक तरुण उभा होता. कमरेला आखूड धोतर, डोक्याला पंचा, अंग उन्हानं काळं पडलेलं.

"का? साप हाय?" मालूनं विचारलं.

"साप परवडला, तो बाजूनं जातो. तू साय मोडलीस."

तिनं खाली पाहिलं. दुधावर धरते तशी पातळ, चकचकीत साय पाण्यावर धरली होती, आणि तिच्या पायांभोवती तिचे तुकडे तुकडे झाले होते.

"मग आता?"

"आता काय… उभी राहा तिथंच चार दिवस. मीठ धरलं की ओढून काढतो तुला फावड्यानं."

"तुझंच बरं. फुकटात मीठ वाढलं."

"वाढून काय करायचं? एवढं तिखट मीठ घेणार कोण?"

मालूला हसू आलं, पण तिनं ते ओठांतच दाबलं. त्यानं फावड्याचा दांडा पुढे केला. ती तो धरून बांधावर चढली, आणि चढल्यावरही हात दांड्यावर थोडा जास्तच वेळ राहिला. त्याचाही. मग त्यानं राशीतून बोराएवढा एक खडा निवडला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"चाख."

"मीठ ते मीठ. त्यात चाखायचं काय?"

"हे कालचं. काल वारा पडलेला. वारा पडला की खडा सावकाश धरतो, मोठा होतो. घाईनं धरलेलं मीठ भुसभुशीत."

तिनं जिभेला लावलं. खारटच होतं. पण तो बघत होता म्हणून ती म्हणाली, "बरं हाय."

"भिवा… ए भिवा, उघाडी कोण बघणार रे?" खाडीच्या तोंडाकडून कुणीतरी हाक मारली. पाणी आत घ्यायच्या उघाडीच्या फळ्यांकडे तो धावत गेला. जाताना दोनदा वळून पाहिलं. मालूनं खडा पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ घट्ट आवळली.

भिवा. घरी येईपर्यंत बैलांच्या पावलांसरशी ते नाव तिच्या मनात वाजत राहिलं.

पुढे बारा दिवसांनी गोमाजी म्हणाला, "उद्या पाहुणे येतायत. दिव्याचा दामाजी, आगराचा मक्तेदार. त्याच्या गोविंदासाठी तुला बघायचं बोलतोय."

मक्तेदाराची सून झालं म्हणजे त्याच आगराच्या काठावर राहायचं, आणि तो फावडं घेऊन समोर दिसणार… याच्याएवढी वाईट गोष्ट मालूला सुचेना. रात्री तिनं पदराची गाठ चाचपली. खडा होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे अंगणात आले तेव्हा ती पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पुढे दामाजी, जाडजूड, मिशीला तेल लावलेला. त्याच्या मागे त्याची नवऱ्यानं टाकलेली बहीण मनुबाई. आणि तिच्या मागे खळ लावलेला पांढरा सदरा, काळी टोपी आणि करकरीत वहाणा घातलेला मुलगा.

तांब्या हातात धरून ती थांबली. समोर भिवा होता.

तोही गारठल्यासारखा उभा राहिला. कुणाच्या घरी जायचं हे त्याला सांगितलेलं असावं. कुठल्या मुलीला बघायचं ते त्यालाही आत्ताच कळलं होतं.

"हा आमचा गोविंदा," दामाजी म्हणाला.

मालूनं खाली वाकून त्याच्या पायांवर पाणी ओतलं. चिखलात राबणाऱ्याच्या भेगा काळ्या असतात. मिठात उभ्या राहिलेल्या पायांच्या भेगा आतून पांढऱ्या पडतात आणि कितीही पाणी ओतलं तरी पांढऱ्याच राहतात. असे पाय तिनं जन्मभर पाहिले होते. तिच्या बापाचे. आणि मक्तेदाराचा मुलगा आगरात पाय बुडवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सदरा गळ्याला सैल होता. "गोविंदा, पोहे घे," दामाजीनं म्हटलं तेव्हा तो दुसऱ्या हाकेला वळला. बसताना त्याची टोपी तिरकी झाली, तर मनुबाईनं हात पुढे करून ती सरळ केली आणि अंगठ्यानं त्याच्या कपाळावरचा घाम निपटला. आत्या असा घाम निपटत नाही. मालूला आईचा हात आठवत नव्हता, पण आईचा हात असाच असणार हे तिला कळलं.

सगळं उघडं होतं. दामाजीचा खरा मुलगा कुणाला दाखवण्यासारखा नसेल, म्हणून भाच्याला सदरा चढवून आणलं होतं. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांआड दुसराच उभा राहणार होता. एक शब्द बोलायचा अवकाश, की दामाजीला पोहे टाकून उठावं लागलं असतं.

पण तो शब्द मालू बोलली असती तर भिवा मामाच्या दारातून कायमचा हाकलला गेला असता आणि मानपाड्याला तोंड दाखवू शकला नसता. तो शब्द भिवा बोलला तर? तर तो आपल्यासाठी बोलला असं होईल. मग आपण त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, बापाला काय वाटेल ते वाटो. मालूनं उभ्या उभ्या एवढा हिशेब केला आणि तोंड मिटून घेतलं.

तो परसात विहिरीपाशी पाणी प्यायला आला.

"घ्या," ती म्हणाली. आगरात अरे-तुरे होतं. आता अहो-जाहो झालं.

"मला… ओळखलंस?"

"ओळखायचं काय त्यात? तुमचे बाबा बोलले ना, गोविंदा."

त्यानं तांब्या तोंडाला लावला, पण पाणी प्यायला नाही. "आणि तू काय सांगणार हायस आत जाऊन? हो की नाय?"

"साय मोडली की चार दिवस उभं राहावं लागतं, असं कुणीतरी सांगितलेलं," मालू म्हणाली. "मी राहते उभी."

त्याच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला. तो तसाच पाणी न पिता परत गेला. नारळ फुटला, आणि वैशाखी पुनवेची हळद अन् दुसऱ्या दिवशीचं लग्न ठरलं.

खोट्याचा एक फायदा झाला. ते टिकवायचं तर भिवालाच पुन्हा पुन्हा पाठवावं लागत होतं. अक्षय्य तृतीयेला डोंबिवलीच्या बाजारात बांगड्या आणि लुगडी घ्यायची ठरली, तेव्हा दामाजीकडून तोच आला. मालूबरोबर शेजारची गंगुबाई होती. ती गावची धवलारीण. लग्नाचे सगळे विधी तिच्या गाण्यावर व्हायचे, तिच्या धवल्याशिवाय आगऱ्याचं लग्न लागत नसे. गंगुबाईनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि "मला सुकटीचा भाव बघायचाय" म्हणून ती पाठ फिरवून गेली ती लवकर आलीच नाही.

कासार हात दाबून दाबून बांगड्या चढवत होता. भिवा शेजारी उकिडवा बसला होता.

"दुखतंय?"

"तुम्हाला काय? हात माझा हाय."

"तुम्हाला, तुम्हाला… किती परकं वाटतं ते. आगरात बरी बोलत होतीस."

"आगरात कोण होतं? मला नाय आठवत."

तो हसला. मग बांगड्यांकडे बघत हळूच म्हणाला, "एकदा नाव घे ना माझं."

"नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"अजून कुठं झालोय नवरा? आत्ता घे. एकदाच."

मालूनं मान वर केली. "कोणतं घेऊ?"

त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. कासारानं दोन बांगड्या चढवल्या, तिसरी चढवली. बाजार आपल्या आवाजात चालू होता. भिवाला तो ऐकू येत नसावा.

"मालू… मला काहीतरी सांगायचंय."

"सांगा."

"आता नाय. मामा… म्हणजे… माझ्या आईचं खोपट त्यांच्या अंगणात…" तो थांबला. मुलगा आपल्या बापाला मामा म्हणत नाही, आणि त्याची आई बापाच्या अंगणातल्या खोपटात राहत नाही. एका श्वासात त्यानं सगळं सांडलं होतं आणि आता ते गोळा करायला जात होता.

मालूनं ते गोळा करू दिलं. ऐकलंच नाही असं दाखवलं.

"काय सांगायचं ते मी विचारलं नाय," ती म्हणाली. "मी एवढंच बोलते. एकदा हळद लागली की मला उंबरा ओलांडता येत नाय. जे सांगायचं ते हळद लागायच्या आत येऊन सांगा. माझ्या कानात नको. मांडवात, सगळ्यांसमोर."

"आणि आलो तर?"

"तर मी त्या खोपटात राहीन."

"खोपट गळतं."

"खाली भांडं ठेवू."

"दोन जागी गळतं."

"मग दोन भांडी ठेवू. एवढं काय त्यात."

तो खळखळून हसला. कासारानंही मान वर करून बघितलं. मग भिवानं तिच्या बांगड्यांवरून एकच बोट फिरवलं, इकडून तिकडे, बारीक आवाज झाला. "येतो," तो म्हणाला. "हळद लागायच्या आत येतो. बघच तू."

परतीच्या वाटेवर गंगुबाईनं विचारलं, "काय गो, नवरा कसा हाय?"

"बरा हाय."

"बराच हाय तो," गंगुबाई म्हणाली आणि गाडीच्या चाकाकडे बघत राहिली. "नवरा हाय का, ते बघ."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

त्यानंतर मालूला एकेकाचं ठाऊक असणं दिसू लागलं. शेवंती नावाची तिची मैत्रीण दिव्याला मावशीकडे राहून आली, आणि मालूशी बोलताना डोळ्याला डोळा देईना. लग्न भर दुपारी धरलं होतं ते दामाजीनं निरोप पाठवून तिन्हीसांजेवर ढकललं. मुंडावळ्या आम्हीच आणू, चांगल्या दाट आणू, असाही निरोप आला. गोमाजी मालूला लहानपणी सांगायचा की बांध कधी एकदम फुटत नाही. आधी खेकडा बीळ पाडतो. मग बांधाच्या कोरड्या अंगाला हाताएवढी ओल दिसते. येणारा-जाणारा ती बघतो, आणि दुसरा कुणी माती टाकेल म्हणून पुढे जातो. मालूला आता चहूकडे ओलच दिसत होती. हे खोटं पुनवेपर्यंत टिकणार नाही. टिकलं तरी पुनवेला पडणारच. फक्त ते कुणाच्या हातानं पडणार, एवढ्यावर तिचा जीव टांगला होता.

हळदीच्या आदल्या दिवशी गोमाजी मांडवाला उंबराची फांदी बांधून ओट्यावर टेकला. मालूनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही त्याचे पाय बघितले?"

गोमाजीनं बशीत चहा ओतला. फुंकर घातली. पुन्हा घातली.

"वीस वर्षं मीठ तुडवलंय मी," तो म्हणाला. "बघितले."

"मग?"

"गोविंदाला लहानपणी देवी आल्या. एक डोळा गेला, तोंडावर वण हायत. बाकी पोरगा गरीब, भाताची मोजणी-बिजणी बघतो, कुणाच्या अध्यात नाय. चार खोल्यांचं घर हाय. तुझ्या आयसचे पाय मी शेवटपर्यंत तेलानं चोळले, तरी ठणकायचे. तुला मिठात कधी उतरावं लागणार नाय, एवढंच बघितलं मी."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"दाखवलं असतं तर बघितलं असतं."

गोमाजीनं चहा तसाच ठेवला. मालूला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. दामाजीनं फसवलं, बापानं फसवून घेतलं, गावानं मान वळवली. या सगळ्यांत एकच माणूस अजून बोलायचा राहिला होता, आणि त्यानं येतो म्हटलं होतं.

पुनवेला सकाळपासून ती न्हाऊन बसली. दारातून मांडव दिसत होता, मांडवापलीकडे दिव्याची वाट. बायका येत होत्या, जात्याला हळकुंडं बांधत होत्या, तिची थट्टा करत होत्या. "वाट बघतेस काय गो? आज नवरा येत नाय, आज त्याची हळद येते." ती हसत होती. दुपारी वाट तापून पांढरी पडली. चार वाजता वाटेवर एक माणूस दिसला, आणि ती उठून उंबऱ्यापर्यंत आली… तो गुरं शोधत आलेला शेजारचा गणू निघाला. सावल्या लांबल्या.

दिवेलागणीला दिव्याच्या बायका आल्या. नवऱ्या मुलाच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन मनुबाई पुढे होती. केळीच्या पानानं झाकलेली वाटी दोन्ही हातांत धरलेली. मालूनं तिच्या मागे पाहिलं. बायकाच होत्या. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.

मालूला पाटावर बसवलं. गंगुबाईनं धवला उचलला. तिचा आवाज जाड, म्हातारा, पण एकदा लागला की मांडवाच्या बाहेरचे लोकही उभे राहायचे. वाटीवरचं पान निघालं. मनुबाईची हळदीनं भरलेली बोटं मालूच्या कपाळाकडे आली.

अजूनही… मालूनं दाराकडे पाहिलं. अजूनही तो आला असता तर वेळेत आला असता.

मग तिनं मनुबाईचं मनगट धरलं.

"आत्याबाय, थांबा. ही हळद कुणाच्या अंगाची?"

"गोविंदाच्या गो. आणि कुणाच्या?"

"तुमच्याबरोबर आमच्याकडे आलेला, तोच गोविंदा ना?"

धवला मध्येच थांबला. गंगुबाईचा धवला कधी मध्ये थांबत नसे. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, सगळ्यांनी खाली पाहिलं. ते बघून मालूला शेवटचं उरलंसुरलंही कळलं.

"त्या दिवशी तुम्ही कुणाची टोपी सरळ केलीत?"

मनुबाई मटकन खाली बसली. थोडी हळद तिच्या लुगड्यावर सांडली. ओट्यावरून गोमाजी म्हणाला, "मालू, गप." पण त्या आवाजात जोर नव्हता.

"माझ्या लेकाची," मनुबाई म्हणाली. "भिवाची."

"तो कुठं हाय?"

"आगरात. पुनवेचं उधाण हाय ना… भावानं त्याला बांधावर बसवलंय." तिनं लुगड्यावरची हळद पुसायला घेतली आणि ती जास्तच पसरली. "गोविंदाला यातलं काय ठाऊक नाय गो. त्याला वाटतं तू त्याच्याबद्दल ऐकून हो म्हटलंस. सकाळपासून हसतोय पोर. मी त्याला असं हसताना कधी बघितलं नव्हतं."

मालूला वाईट वाटलं ते भिवासाठी नव्हतं. न पाहिलेल्या एका माणसासाठी होतं. त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "मी त्याला नाकारलं नाय. मला तो कुणी दाखवलाच नाय. हळद घेऊन जा. नीट झाकून न्या."

ती पाटावरून उठली. अर्धवट धवल्यातून उठलेली पोरगी मानपाड्यानं त्याआधी पाहिली नव्हती. गंगुबाईनं वाटीवर पान ठेवलं, पदराला हात पुसले आणि कुणालाही न विचारता म्हणाली, "हा धवला उतरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडायचं काम चाललं होतं. मालू दारात सुकट निवडत बसली होती. वाटेवरून तो आला. तेच आखूड धोतर, पायांना मिठाचे ओघळ वाळलेले. तो मांडवाबाहेर थांबला.

"मामानं आम्हाला काढलं घरातून," तो म्हणाला. "आईला मावशीकडे ठेवून आलोय. आता लपवायला काय उरलं नाय, मालू. तू बोलली होतीस खोपटात राहीन म्हणून. खोपट पण गेलं. पण मी बघीन कुठंतरी… कल्याणला छावणीचं बांधकाम चाललंय, तिकडे माणसं घेतात. चल."

सुकट निवडणारे हात थांबले. तिचे पाय उठायला तयार होते. त्यांना मनाला विचारायचंही नव्हतं. तिनं ते आवरून अंगाखाली घेतले.

"काल कुठं होतास?"

"बांधावर. उधाण होतं. वीस घरांचं मीठ होतं गो आत. बांध गेला असता तर वर्ष वाहून गेलं असतं."

"गेला का बांध?"

"नाय."

"पुनवेचं पाणी बाराला भरतं," मालू म्हणाली. "तीनला उतरतं. मी मिठागऱ्याची पोर हाय. हळद दिवेलागणीला आली."

तीन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत उतरत्या पाण्याकडे बघत तो बांधावर बसून राहिला होता. वाट कोरडी होती, आणि तो बसून राहिला होता. हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलं होतं की ते वाचायला अक्षर यायची गरज नव्हती.

"निघालेलो मी," तो हळू म्हणाला. "दोनदा निघालेलो. उघाडीपर्यंत आलो. मग वाटलं… आईचं काय. मग वाटलं, कदाचित आपोआप…"

"आपोआप काय?"

"आपोआप उघडं पडेल. मला बोलायला लागणार नाय."

"पडलं ना," मालू म्हणाली. "आपोआप नाय पडलं. मी एकटीनं पाडलं. तू मागे उभा असतास तर मला एवढं जड गेलं नसतं."

"मी खोटं बोललो, मला ठाऊक हाय. पण…"

"खोट्याचं मी विचारत नाय. खोटं मी पण बोलले. तुला 'भिवा' म्हणून कुणी हाक मारलेली, ती मी आगरातच ऐकलेली. पहिल्या दिवशी."

विहिरीवरचं पाणी, बाजारातल्या बांगड्या, तिचं एकेक बोलणं त्याच्या डोळ्यांपुढून उलटं जात असावं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"आता बोलतोय ना मी."

"आता बांध फुटलाय रे. आता माती टाकून काय होणार?"

पलीकडे कुणीतरी मांडवाचा बांबू उपटला. उंबराची फांदी खाली आली, तिची पानं दोन दिवसांत सुकली होती. भिवा एक पाऊल आत आला आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, "मालू, मी वाईट नाय गो."

"नायस," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. तो वाईट असता तर सोपं झालं असतं.

मग ती उठली, सुपातली सुकट काखेत घेतली, आणि गावातल्या कुठल्याही पोराला म्हणावं तसं, साध्या आवाजात म्हणाली, "भिवा, जा आता. ऊन चढतंय."

त्यानं नाव ऐकलं. इतके दिवस मागितलेलं, एकदाच घे म्हणून विनवलेलं. आगऱ्याची बाई गावभरच्या पुरुषांची नावं घेते, एकाचं सोडून. ती कशी नावं घेते हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मान हलवली, आणि तो वळला. या वेळी त्यानं मागे वळून पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल, मालू आत गेली होती.

आत कालवण रटरटत होतं. तिनं पदराची गाठ सोडली. ती इतकी घट्ट बसली होती की दातांनी ओढावी लागली. खडा सादळून थोडा लहान झाला होता. तिनं तो कालवणात टाकला आणि पळीनं ढवळलं, विरघळेपर्यंत.

दुपारी गोमाजी जेवायला बसला.

"मीठ बरोबर हाय?" मालूनं विचारलं.

गोमाजीनं घास गिळला. "हाय," तो म्हणाला.